गेट उघडल्यावर पाणी कधी पोचतं?

आजीने दोनदा विचारलं, "कंट्रोलमध्ये शिकायचं म्हणजे काय शिकायचं गं?" तिच्या पिढीला कंट्रोल एकच ठाऊक. कंट्रोलचं दुकान, कंट्रोलची साखर, कंट्रोलचं रॉकेल. नात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये बी.ई. झाली, मग एम.टेक. झाली, दोन वर्षं चाकणच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी केली. आता ती नोकरी सोडून 'कंट्रोल'मध्ये पीएच.डी. करायची म्हणते, आणि हे कंट्रोल म्हणजे काय ते घरात कुणालाच नीट उमगलेलं नाही. वडील म्हणतात, "पोरगी हुशार आहे, काहीतरी चांगलंच असेल." पण त्यांच्या आवाजात काळजी होती.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'शोध' हा विषय दिला, तेव्हा मी या मुलीचा शोध लिहायचं ठरवलं. नाव छापू नका, एवढं एकच तिने मागितलं. सांगली जिल्ह्यातल्या तिच्या गावी गेले, पवईला गेले, नारायणगावजवळ खोडदला गेले, पुण्यात काही जणांशी बोलले. निघताना प्रश्न साधा वाटत होता: या विषयात संशोधन करायचं असेल तर जागा कुठे आणि कशी शोधायची? पण हा विषय एका जागी राहतच नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

पाटकऱ्याचं गणित

तिचं शेत वितरिकेच्या टेलला आहे. टेलला असणं काय असतं हे कालव्याच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. आवर्तन सुटलं की हेडचे शेतकरी पोटभर घेतात, टेलला पाणी येतं तेव्हा पाळी संपत आलेली असते. तिच्या लहानपणी एक नवा पाटकरी आला होता. तो गेट उघडायचा, खाली पाणी दिसेना म्हणून आणखी उघडायचा, तरी दिसेना म्हणून आणखी. मग सगळं एकदम यायचं आणि चारी फुटायची. घाबरून तो गेट पार बंद करायचा, की दुसऱ्या दिवशी टेल कोरडी. त्याच्या आधीचा म्हातारा पाटकरी थोडंसं उघडून विडी ओढत बसायचा. त्याला ठाऊक होतं की आत्ता उघडलेलं पाणी तास-दीड तासाने खाली दिसणार.

"माझा सगळा विषय यात आहे," ती म्हणाली.

खरंच आहे. जे हवं आहे आणि जे घडतंय यातला फरक बघायचा, त्यानुसार गेट, वाल्व्ह किंवा मोटर हलवायची, परिणाम पुन्हा बघायचा. याला फीडबॅक म्हणतात. त्यात उशीर शिरला की चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीच बिघाड वाढवते. गीझरच्या पाण्याखाली उभं राहून नळ कधी गरम, कधी गार असा फिरवत बसणाऱ्या प्रत्येकाने हे अंगावर घेतलेलं आहे. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनावर १७८८ पासून गव्हर्नर बसू लागला. दोन गोळे फिरत, वेग वाढला की बाहेर फेकले जात आणि वाफ कमी करत. पुढच्या काळात असे काही गव्हर्नर वेग स्थिर ठेवण्याऐवजी इंजिनालाच हेलकावे देऊ लागले. हे का होतं, याचं गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांसाठी आपण ज्याला ओळखतो, तोच हा मॅक्सवेल.

म्हाताऱ्या पाटकऱ्याचा जवळचा नातेवाईक १९२२ मध्ये सापडतो. निकोलस मिनॉर्स्की अमेरिकी नौदलाच्या जहाजांसाठी आपोआप सुकाणू धरणारं यंत्र बनवत होता. त्यासाठी त्याने अनुभवी सुकाणूधारी नेमकं काय करतो याचा विचार केला. असा माणूस जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच बघत नाही. मघापासून एकाच बाजूला किती ओढलं जातंय आणि आत्ता किती वेगाने वळतंय, हेही त्याच्या हाताला कळतं. आत्ताची चूक, साचलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग या तिन्हींवर चालणाऱ्या नियमाला आज पीआयडी म्हणतात. तुमच्या जवळच्या साखर कारखान्यात, दूध डेअरीत, औषधांच्या प्लांटमध्ये तापमान आणि दाब धरून ठेवणारे बहुतेक कंट्रोलर याच नियमावर चालतात. तिने नोकरीत दोन वर्षं हेच 'ट्यून' केले होते.

एक विषय, दहा पाट्या

मग अडचण कुठे आली? तिने संस्थांच्या यादीत 'कंट्रोल' हा शब्द शोधला आणि जे विभाग सापडले तेवढेच वहीत लिहिले. वहीचं ते पान मी पाहिलं. पाच नावं, त्यातल्या दोनांवर काट.

पवईच्या आयआयटी मुंबईत 'सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनीअरिंग' असं स्वतंत्र केंद्रच आहे. तिथवर ती पोचली होती. पण त्याच आवारात इलेक्ट्रिकल विभागात कंट्रोलवर काम करणारे प्राध्यापक आहेत. केमिकलमध्ये तेच काम 'प्रोसेस सिस्टिम्स' या नावाने चालतं, एरोस्पेसमध्ये 'गायडन्स' आणि 'डायनॅमिक्स' या नावांनी, मेकॅनिकलमध्ये रोबोटिक्सच्या नावाने. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही हा विषय इलेक्ट्रिकल, एरोस्पेस आणि सायबर-फिजिकल सिस्टिम्स अशा वेगवेगळ्या दारांआड आहे. गणिताच्या विभागात तो 'डायनॅमिकल सिस्टिम्स' किंवा 'ऑप्टिमायझेशन' होतो. जीवशास्त्रात 'सिस्टिम्स बायॉलॉजी'. भौतिकशास्त्रात तर त्याला पुष्कळदा नावच नसतं, तो उपकरणाचा भाग म्हणून मुकाट्याने राबतो.

हे असं विखुरलं जाण्याला कारण आहे. या विषयाला एक जन्मगाव नाही. मिनॉर्स्कीला जहाजात गरज पडली. बेल लॅबच्या हॅरॉल्ड ब्लॅकला टेलिफोनच्या लांब तारांवर आवाज विकृत न होता पोचवायचा होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीत त्याला निगेटिव्ह फीडबॅक ॲम्प्लिफायरची कल्पना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने आकृती काढली. झीगलर आणि निकोल्स या दोघांनी १९४२ मध्ये पीआयडी ट्यून करण्याचे नियम दिले, ते कारखान्यांसाठी. १९६० च्या सुमारास रुडॉल्फ कालमनच्या कामाने या सगळ्यांना एक सामाईक गणिती भाषा मिळाली. भाषा एक झाली तरी घरं वेगळीच राहिली. आयआयटी मुंबईतून १९७७ मध्ये बी.टेक. झालेले प्रमोद खरगोनेकर फ्लोरिडा विद्यापीठातून १९८१ मध्ये पीएच.डी. झाले. डॉयल, ग्लोव्हर आणि फ्रान्सिस यांच्यासह त्यांनी १९८९ मध्ये लिहिलेला एक शोधनिबंध या क्षेत्रातला प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी वाचतोच. त्या निबंधात एकही यंत्र नाही, नुसती समीकरणं आहेत, आणि ती विमानालाही लागू पडतात, रसायनाच्या टाकीलाही.

पवईच्या एका प्रयोगशाळेत एका संशोधकाने मला उलटा लंबक दाखवला. हातभर लांबीची रुळावरची गाडी, तिच्यावर बिजागरीने जोडलेली बारीक दांडी, टोक वर. सोडली की पडणारच. बटण दाबल्यावर गाडी सुर्रकन मागेपुढे झाली आणि दांडी ताठ उभी राहिली, लहान मूल तळहातावर काठी तोलतं तशी. त्याने पेन्सिलीने दांडीला टोचलं. गाडी दोन बोटं सरकली, दांडी थरथरली, पुन्हा उभी. "हे बी.टेक.ची मुलंही करतात," तो म्हणाला. "माझा प्रश्न पुढचा आहे. दांडीचा कोन मोजणारा सेन्सर एकीकडे, गणित करणारा कॉम्प्युटर दुसरीकडे, मध्ये नेटवर्क. निरोप उशिरा आला, कधी आलाच नाही, तरी दांडी पडणार नाही अशी हमी देता येईल का?" मी सोबत आलेल्या मुलीकडे पाहिलं. ती वहीत लिहीत होती. त्याच्या नेटवर्कच्या जागी तिचा कालवा ठेवला की प्रश्न फारसा बदलत नाही.

खोडदची तबकडी आणि औंढ्याचा आरसा

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून आत वळलं की खोडद. शेतांच्या मधोमध प्रचंड तबकड्या आकाशाकडे बघत उभ्या असतात. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या अशा ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ जवळजवळ आहेत, बाकीच्या तीन हातांनी दूर पसरलेल्या, पार २५ किलोमीटरपर्यंत. पृथ्वी फिरते, आकाशातला स्रोत सरकतो, आणि हे अवजड सांगाडे त्याच्यामागे इतक्या सावकाश वळतात की नजर क्षणभर दुसरीकडे गेली की मगच फरक कळतो. तारांच्या जाळीतून वारा वाहून जातो, तरी काही धक्का देतोच. तो वारा सोसून नेमक्या दिशेला तोंड धरून ठेवायचं काम मोटरींचं आणि त्यांना आज्ञा देणाऱ्या सर्व्हो यंत्रणेचं. बातमी येते ती पल्सारची, सर्व्होची येत नाही. पण दरवर्षी फेब्रुवारीत विज्ञान दिनाला इथे शाळा-कॉलेजच्या मुलांची गर्दी होते. त्यातल्या एखाद्याने 'ही वळते कशी?' असं विचारलं, तर तो प्रश्न कंट्रोलचा असतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांसह तिला केंद्राची मंजुरी मिळाली. ४ किलोमीटरचे दोन काटकोनी बाहू, त्यांच्या टोकांना आरसे, मध्ये लेसर. गुरुत्वीय लहर गेली की बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी पट लहान फरक पडतो, तो मोजायचा. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला तो पहिल्यांदा मोजला. तिथला एकेक आरसा ४० किलोचा, एकाखाली एक अशा चार लंबकांना टांगलेला, शेवटचे धागे काचेचे. जमिनीची थरथर, दूरच्या समुद्राच्या लाटा, रस्त्यावरचा ट्रक हे सगळं त्याच्यापर्यंत पोचू बघतं. त्याला जागेवर धरायला शेकडो फीडबॅक लूप अहोरात्र चालू असतात. सगळं जुळून लेसर बाहूत घुमू लागलं की तिथले लोक म्हणतात, 'लॉक' लागलं. एखादा दूरचा भूकंप झाला की लॉक जातं आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे काम करणारी माणसं कुठल्या विभागातून येतात? पुण्यातल्या एका संशोधकाने सांगितलं की, भौतिकशास्त्रातून आलेल्यांना कंट्रोल इथे येऊन शिकावं लागतं आणि कंट्रोलमधून आलेल्यांना भौतिकशास्त्र. दोन्हीकडून यायला वाट आहे, पण परीक्षा वेगळ्या. इंजिनीअरिंगवाले गेट देतात, भौतिकशास्त्रवाले जेस्ट किंवा सीएसआयआर-नेट. हिंगोली, परभणी, नांदेडच्या कॉलेजांतल्या मुलांपर्यंत ही माहिती आत्ताच पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आरसा टांगला जाईल तेव्हा त्याला हात लावणारी माणसं आज कुठेतरी बारावीत असतील.

परतताना गाडीत मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गोठ्यात मागच्या वर्षी एक गाय विल्यानंतर बसली ती उठेना. दुग्धज्वर. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली चढवली, गाय उठली. हाना एल-समद, जेसी गॉफ आणि मुस्तफा खमाश यांनी २००२ मध्ये नेमका हाच आजार कंट्रोलच्या गणिताने तपासला होता. गाय विते, दुधावाटे कॅल्शियम भराभर जायला लागतं. मग शरीर साचलेल्या चुकीचा हिशेब ठेवून रक्तातली पातळी पुन्हा जागेवर आणतं, मिनॉर्स्कीच्या तीन भागांतला दुसरा भाग वापरून. हा हिशेब वेळेत जुळला नाही की गाय बसते. तिने हे वाचलं तेव्हा रात्री अकरा वाजता वडिलांना उठवून सांगितलं होतं. वडिलांना 'कंट्रोल' कळलं ते त्या रात्री.

तीस ईमेल आणि सहा ईमेल

पीएच.डी.ला संस्थेपेक्षा गाईड महत्त्वाचा, हे सगळेच सांगतात. गाईड गाठायचा कसा, हे कुणी सांगत नाही. तिने पहिल्यांदा तीस प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवला: आपल्या नामांकित संस्थेत आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे, सोबत बायोडेटा. दोन उत्तरं आली, दोन्हीत 'प्रवेशाची जाहिरात पाहा' एवढंच.

सहा महिन्यांनी तिने सहा जणांना लिहिलं. प्रत्येकाचे दोन-तीन निबंध वाचून. ईमेलमध्ये कालव्याचा परिच्छेद होता: गेटपासून टेलपर्यंत लागणारा वेळ, पाण्याच्या पातळीनुसार तो कसा बदलतो, आणि 'तुमच्या अमुक निबंधात उशीर स्थिर धरलाय, इथे तो स्थिर नाही, मग तुमची अट टिकेल का?' चार उत्तरं आली. एकाने लिहिलं की ते आता या विषयावर काम करत नाहीत, पण सिव्हिल विभागातल्या एका सहकाऱ्याला जरूर विचारा. सिव्हिल! तिच्या यादीत सिव्हिल कधीच नव्हतं. त्या एका ओळीनंतर वहीचं पान बदललं. आता ती विभागांची नावं लिहीत नाही. डावीकडे 'काय स्थिर ठेवायचंय' आणि उजवीकडे 'ते कोण करतंय' असे दोन रकाने आहेत. यादी बत्तीसवर गेली आहे.

आयआयटींमध्ये पीएच.डी.चे प्रवेश साधारणपणे वर्षातून दोनदा होतात, जुलैच्या आणि जानेवारीच्या सत्रांसाठी. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यानंतर लेखी परीक्षा आणि इंटरव्ह्यू, म्हणजे खरी कसोटी. नोकरीचा अनुभव सांगायच्या तयारीने ती पहिल्या इंटरव्ह्यूला गेली. फळ्यासमोर उभं करून विचारलं लिनिअर अल्जिब्रा: या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढा, आता सांगा ही सिस्टिम स्थिर आहे का, नसेल तर फीडबॅकने करता येईल का, आणि कधी येणार नाही? शेवटच्या प्रश्नाला ती अडली. निवड झाली नाही. पुढचे दोन महिने तिने मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पहिल्यापासून केली. कारखान्यातला हात आणि कागदावरचं गणित यांतलं अंतर या विषयात फार जणांना तोडतं. गणित आधी पक्कं करा, हे तिच्याआधी प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाने मला आपणहून सांगितलं.

आणखी एक गोष्ट मेसमधल्या टेबलावर कळली. गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, निबंधांवर पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं की नाही, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारावं. विचारताना संकोच वाटतो. पण पाच वर्षं ज्याच्या हाताखाली काढायची त्याची माहिती काढण्यात गैर काय? सोयरीक जुळवताना आपण चार घरी चौकशी करतोच.

घरचा हिशेब

नोकरीत तिला जे मिळत होतं त्याच्या आसपासच फेलोशिप आहे, हे कळल्यावर घरचं वातावरण निवळलं. २०२३ मध्ये केंद्राने ज्युनिअर रिसर्च फेलोशिप ३१,००० वरून ३७,००० केली आणि सीनिअरची ३५,००० वरून ४२,०००. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये पहिली दोन वर्षं महिना ७०,००० रुपये ठरवले गेले, पुढे ते ८०,००० पर्यंत चढतात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या घटकांतल्या संशोधकांना फेलोशिप देतात. पैशाचा प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो: पाच वर्षं, आणि वय सव्वीस. आई ते बोलत नाही, पण चहा ओतताना कप जरा जोरात ठेवते. मुलीने त्याचंही उत्तर शोधलंय असं मी लिहिणार नाही. ते तिलाही अजून सापडलेलं नाही.

परदेशाची वाटही तिने पाहून ठेवली आहे. नेदरलँड्स किंवा स्वीडनमध्ये पीएच.डी. म्हणजे रीतसर नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, विषय बहुधा आधीच ठरलेला असतो, पगार आणि करार मिळतो. नेदरलँड्समध्ये करार बहुतेक चार वर्षांचा. तिथल्या विद्यापीठांनी मिळून कंट्रोलसाठी डिस्क नावाची एकत्र पदवीशाळा चालवली आहे. डेल्फ्टचा विद्यार्थी आणि ग्रोनिंगेनचा विद्यार्थी तिच्या वर्गात शेजारी बसतात. बराच भाग समुद्राच्या पातळीखाली असलेल्या त्या देशात पाण्याची पातळी धरून ठेवणं हा रोजचा प्रश्न, म्हणून डेल्फ्टमध्ये कालव्यांच्या कंट्रोलवर पुष्कळ काम झालंय. युरोपीय महासंघाच्या मारी क्युरी जाळ्यांतल्या जागांना एक अट असते: मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. इथून थेट जाणाऱ्याला ती आड येत नाही. अमेरिकेत रीत वेगळी. तिथे डिसेंबरच्या आसपास विभागाकडे अर्ज, विभागच प्रवेश देतो, गाईड कधी आधी तर कधी नंतर ठरतो.

ऑस्ट्रेलियाचं पान तिने सगळ्यात जास्त वेळा उलटलंय. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी रुबिकॉन या कंपनीबरोबर शेतीचे कालवे फीडबॅकवर चालवून दाखवले. गेटला सौर पॅनेल, मोटर, पातळी मोजणारा सेन्सर आणि शेजारच्या गेटशी बोलणारा रेडिओ. टेलच्या शेतकऱ्याने पाणी मागितलं की वरची गेटं आपापसात हिशेब करून हलतात. ते फोटो तिने वडिलांना दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सौर पॅनेल इथं चोरीला जाईल." तिने तेही वहीत लिहून घेतलं. सेन्सर गेला, मोटर बंद पडली, कुणी मध्येच पाणी वळवलं, तरी टेल कोरडी राहू नये, असा तिचा प्रश्न आता आहे. त्या सहा ईमेलमधल्या प्रश्नापेक्षा हा कितीतरी पक्का आहे.

मी निघायच्या दिवशी आवर्तन सुटणार होतं. पहाटे आम्ही वितरिकेच्या तोंडाशी गेलो. पाटकरी गेट वर घेऊ लागला तेव्हा तिने मोबाइलमध्ये वेळ टिपली: सहा वाजून दहा. टेलजवळ चार किलोमीटर खाली तिने लाकडी पट्टी रोवून ठेवली होती, सेंटिमीटरच्या खुणा काळ्या रंगाने केलेल्या. मोटरसायकलवरून तिथे पोचलो. पट्टीवर पाणी नऊच्या खुणेला, हलत नव्हतं. वडील बांधावर बसले, आजीने दिलेल्या डब्यातलं थालीपीठ आम्ही खाल्लं. सात वाजले. सव्वासात. सात वाजून चोवीस मिनिटांनी पाण्यावरचं वाळलेलं पान पहिल्यांदा जरा सरकलं, आणि नऊची काळी रेघ हळूहळू पाण्याखाली गेली.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "मागच्या वेळी एक्क्याऐंशी होतं."

वडील उठून पट्टीजवळ आले आणि वाकून पुढची खूण बघू लागले.